पाहुणा बोलेना

गिरणीच्या घरात वाढलेल्या माणसाला सगळ्यात आधी मोठ्यानं बोलायची सवय लागते. आमच्या घरी कुणी हळू बोललेलं मला आठवत नाही. हर्सूलला जेलच्या पुढं गेलं की रस्त्याला लागून आमची पिठाची गिरणी होती. पुढं गिरणी, मधे एक जाड पडदा, आणि पडद्यामागं आमचं दोन खोल्यांचं घर. सकाळी आप्पांनी बटण दाबलं की पट्टा फिरायला लागायचा, भिंती थरथरायच्या, मांडणीवरची भांडी एकमेकांना लागून वाजायची, आणि मग दिवसभर आम्ही सगळे भांडल्यासारखे बोलायचो. नवीन माणसाला वाटायचं, या घरात रोजच कडाक्याचं वाजतं. खरं तर आई नुसतं 'चहा घेता का' एवढंच विचारत असायची. कॉलेजात मैत्रिणी म्हणायच्या, सविता, कानात ओरडू नको गं. आज माझे केस पिकले तरी माझी मुलं माझा फोन आला की तो कानापासून हातभर लांब धरतात.

आवाजासारखंच पीठ. पडदा कितीही जाड असला तरी पीठ यायचंच. उशीच्या अभ्र्यात पीठ, देवघरातल्या देवांच्या डोक्यावर पीठ, माझ्या पुस्तकांच्या पानांत पीठ. आप्पांच्या भुवया तर मी लहानपणी पांढऱ्याच समजत होते. ते आंघोळ करून बाहेर आले की कुणी परका माणूस आल्यासारखं वाटायचं. या पिठाशी आईनं जन्मभर दावा मांडला. तिच्या हातात एक तर भाकरी असायची, नाहीतर ओलं फडकं. टीव्ही पुसला, कपाट पुसलं, फोन पुसला, चालत्या पंख्याकडं बघून उसासा टाकला, की पुन्हा पहिल्यापासून सुरू. कुणी तिला म्हणालं की आई, बस आता, तर ती म्हणायची, "बसते की. तेवढं पुसून घेते." तिच्या हातची येसराची आमटी खाल्लेली माणसं अजून भेटली की त्या आमटीचं नाव काढतात. भाजलेल्या डाळी-धान्याचं ते मसाल्याचं पीठ आमच्याच गिरणीवर निघायचं, आणि ज्या दिवशी ते निघायचं त्या दिवशी जेलच्या भिंतीपर्यंत वास जायचा.

आप्पांचं निम्मं आयुष्य मेंढरांमागं गेलेलं. फुलंब्रीकडच्या माळावर त्यांच्या वडलांचा कळप होता. चराईची रानं आटत गेली, तसा कळपही आटला, आणि आप्पा गिरणीवाले झाले. पण कान मेंढक्याचेच राहिले. गिरणीकडं पाठ करून बसलेले असले तरी दगडाच्या आवाजावरून ते सांगायचे, "सवे, ज्वारी जाड पडायली. दाब जरा." मी जाऊन बघायचे, तर पीठ खरंच जाड असायचं.

हेच कान वैजूताईला मिळाले, आणि तिला ते आमच्यापेक्षा जास्त लागतही होते, कारण तिला जन्मापासून दिसत नव्हतं. वैजूताई माझी थोरली बहीण. कुणी आंधळ्या माणसाबद्दल लिहायला लागलं की त्याला लगेच शांत आणि सोशिक करून टाकतात, म्हणून आधीच सांगते, वैजूताई सोशिक वगैरे बिलकुल नव्हती. ती चिडायची, टोमणे मारायची, माझ्या गाण्याची नक्कल करायची, आणि मी वस्तू जागेवर ठेवली नाही तर शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं बोलायची. आमच्या घरात मीठ कुठं, सुई कुठं, छत्री कुठं, हे फक्त तिला माहीत असायचं. आम्हा डोळसांचं सगळं तिला विचारून चालायचं.

तिनं बी.ए. केलं, कॉम्प्युटरचा क्लास केला, आणि मग आप्पांच्या मागं लागून क्रांती चौकातल्या नईमभाईंकडून एक वापरलेला कॉम्प्युटर घरी आणवला. नईमभाईंनी सगळं जोडून दिलं आणि शेवटी माऊस जोडायला लागले तेव्हा ताई म्हणाली, "त्यो तुमीच ठेवा, भाई. मला बाण दिसत नाय, त्यो फिरवून काय करू? आन उंदरं आमच्या गिरणीत खरीच लई हायत." नईमभाई इतके हसले की त्यांनी त्या माऊसच्या बदल्यात हेडफोन देऊन टाकला. तेव्हापासून आमचा कॉम्प्युटर बिनमाऊसचा. ताईला सगळं कीबोर्डवरूनच करता यायचं. आमच्यापैकी कुणाला त्याच्यापुढं बसवलं तर मात्र नुसतं बघत बसावं लागायचं.

त्या कॉम्प्युटरमध्ये एक बोलका प्रोग्राम होता. पडद्यावर जे येईल ते तो वाचून दाखवायचा. ताई जे अक्षर दाबेल ते बोलायचा. आवाज पुरुषाचा, सपाट, आणि मराठी अशी की जणू एखादा साहेब पहिल्यांदाच पिठलं खातोय. पहिल्या दिवशी पडद्याआडून तो आवाज आला तेव्हा भाकरी थापत बसलेल्या आईनं पिठाच्या हातानंच डोक्यावर पदर ओढला. घरात कुणी परका गडी आला असं तिला वाटलं. आप्पांना हे इतकं आवडलं की त्यांनी त्या प्रोग्रामचं नावच 'पावणा' ठेवलं. "पावणा जेवला का?" "पावण्याला सांग, हळू बोल म्हनावं." मग आम्हीही त्याला पाहुणाच म्हणायला लागलो. आता माझा फोनही बोलतो, बँकेतलं यंत्रही बोलतं, कुणाला त्याचं काही वाटत नाही. तेव्हा मात्र शेजारच्या बाया पीठ दळायला टाकून आमच्या पाहुण्याचं बोलणं ऐकायला आत यायच्या.

पाहुण्याच्या जोरावर ताई नोकरी शोधत होती. टायपिंग तिचं माझ्यापेक्षा किती तरी वेगात. पण जिथं जाईल तिथं समोरचा माणूस तिच्याशी न बोलता माझ्याशी बोलायचा. "यांना रोज कोण आणणार? यांच्याजवळ कोण बसणार?" एका ऑफिसात एक गृहस्थ अगदी प्रेमानं म्हणाले, "अहो, यांना ठेवायचं म्हणजे यांच्यासाठी अजून एक माणूस ठेवावा लागेल."  घरी आल्यावर ताई पाणी प्यायली आणि म्हणाली, "सवे, मला एक तरी काम आसं पायजे की माझ्यासाठी दुसरं मानूस ठेवायला नाय लागलं पायजे." त्यानंतर ती हे कधी पुन्हा बोलली नाही, पण माझ्या मनात ते बसलं.

आणि तसं काम आलं. पुण्यातली एक संस्था लोकांच्या मुलाखती टेपवरून ऐकून टाइप करून घ्यायची, घरबसल्या. त्यांनी ताईची परीक्षा ठेवली. ठरलेल्या दिवशी सकाळी ते मेलवर एक मुलाखत पाठवणार, ती ऐकून दुपारच्या आत टाइप करून परत पाठवायची. कुणाची मदत घ्यायची नाही. जमलं तर नोकरी. तिकडच्या मॅडमनी फोनवर ताईला सांगितलं तेव्हा त्या सरळ ताईशीच बोलल्या, 'घरी कुणाला तरी द्या' असं म्हणाल्या नाहीत. ताई त्या फोनवरच निम्मी खूश झालेली.

परीक्षेच्या दिवशी घरात लग्नघर असल्यासारखी धावपळ. आईनं पहाटेच उठून घर झाडलं, पुसलं, देवापुढं दिवा लावला, आणि ताईच्या आवडीचे धपाटे केले, वर दही. ताईनं एकच खाल्ला. आप्पांनी गिरणी सुरू केली, मी गिऱ्हाइकांचे डबे तोलायला उभी राहिले, आणि ताई आत टेबलाशी जाऊन बसली.

थोड्या वेळात पडद्याआडून हाक आली. "सवे! ए सवे! इकडं ये."

मी गेले. ताई कीबोर्डवर हात ठेवून ताठ बसली होती. कॉम्प्युटर सुरू झाला की आधी एक गाण्यासारखा आवाज यायचा, मग ताई केस वर बांधायची, आणि तिचे केस बांधून होईस्तोवर पाहुणा बोलायला लागायचा. आज केस बांधून झाले होते. पाहुणा गप्प होता.

"पावणा बोलंना," ती म्हणाली. "दोनदा बंद करून चालू केलं. बोलवायची बटनं दाबली, तरी उठंना. बग काय दिसतंय."

मी कॉम्प्युटरच्या पडद्याकडं पाहिलं. "चालू हाय की. सगळं ठीक दिसतंय."

"ठीक म्हंजी काय? ठीक आसं लिवलंय का तिथं कुठं?"

"नाय."

"मग जे हाय ते सांग. तुला काय वाटतं ते नको."

मला राग आला. एक तर ती घाबरलेली, त्यात मला झापत होती. पण मी वाचायला लागले. वरून खाली, डावीकडून उजवीकडं, प्रत्येक चित्राखालचं नाव. चूक कुठंच लिहिलेली नव्हती. मी आप्पांचा फोन घेऊन नईमभाईंना लावला. ते म्हणाले, "वायरस होंगा, बेटा. फॉरमॅट मारना पडता. शाम कू लेके आओ, एकदम नवा कर देतूं." नईमभाई भला माणूस, पण त्यांच्याकडं प्रत्येक दुखण्यावर हेच एक औषध असायचं. आणि आम्हाला तर दुपारच्या आत हवं होतं.

तोवर आईला कळलं. तिनं मुठीत मीठ-मोहऱ्या घेतल्या आणि आधी ताईवरून, मग कॉम्प्युटरवरून ओवाळून टाकल्या. "नजर लागली लेकराच्या कामाला. त्या बाया येऊन ऐकत बसतात ना, त्यांचीच." आप्पा पडद्यातून पांढरं डोकं घालून विचारत होते, "काय झालं? पावणा काहून गप हाय?" बाहेर गिऱ्हाईक हाका मारत होतं. मला वाटलं, झालं, गेली नोकरी.

म्हणून मी म्हणाले, "ताई, मेल आला आसंल. मी पडद्यावर बघून उघडते, टेप आपण दोघी ऐकू, तू सांग, मी टाइप करते. पुण्यात कुनाला कळतंय?"

ताईनं माझ्या दिशेला तोंड वळवलं. "मग नोकरी तुला लागंल. मला काय लागंल?"

 ती हात मांडीवर घेऊन बसली. घाबरलेलं माणूस असं बसत नाही. आप्पा दळणाचा आवाज ऐकताना जसे मान किंचित कलती करून बसायचे, तशी ती बसली होती. लहानपणी आप्पा आम्हाला सांगायचे की मेंढरू चुकलं तर रानभर पळायचं नाही, पळालं की बाकीचीही बिचकतात. ते शेवटचं जिथं दिसलं तिथं जाऊन उभं राहायचं. ताईनं तेच केलं, असं मला आता वाटतं. ती म्हणाली, "राती झोपायच्या आधी पावणा बोलला व्हता. मी त्याच्याकडून वेळ ऐकली, मग बंद केलं. म्हंजी तवा धड व्हता. तवापसून आत्तापत्तुर कुनी हात लावला का हिला?"

मी म्हणाले, नाही. आप्पा म्हणाले, नाही. आई म्हणाली, "नाय बाई, कोन कशाला हात लावतंय."

"मग बस इथं. मी एक बटन दाबते. काय हाललं ते सांग."

तिनं खाली जायचं बाणाचं बटण दाबलं. पडद्यावर एक चित्र निळं झालं. मी सांगितलं. तिनं पुन्हा दाबलं. आता त्याच्या खालचंही निळं झालं.

"पयलं गेलं का ऱ्हायलं?"

"ऱ्हायलं. दोनी निळी हायत."

तिनं पुन्हा दाबलं. "आता?"

"तीन."

"नीट बग. एकच निळं व्हायला पायजे. मी खाली गेले की वरचं सुटायला पायजे."

"सुटंना ना! तीनी निळी हायत. मी काय खोटं बोलते?"

ताईचा चेहरा एकदम बदलला. इतका वेळ ती बंद दाराला धडका मारत होती आणि आता तिला कडी सापडली होती. "सवे," ती म्हणाली, "मी एकच बटन दाबायलीय. पन मशीनला दोन कळायलेत. म्हंजी दुसरं एक बटन कुनीतरी दाबून धरलंय."

खरं सांगते, मी खाली वाकून टेबलाखाली बघितलं.

मग तिनं मला सांगितलं ते मी आज तुम्हाला सोप्या भाषेत सांगते. कीबोर्डवर शिफ्ट नावाचं बटण असतं, दोन्ही बाजूंना एकेक. कॉम्प्युटर सुरू होत असताना ते कुणी धरून ठेवलं, तर जे प्रोग्राम आपोआप उठायचे ते उठत नाहीत. क्लासात तिला हे शिकवलेलं होतं. पाहुण्याला बोलवायची बटणंही त्यामुळं चालत नाहीत, कारण तिनं तीन दाबली तरी मशीनला चार दिसतात. आणि शिफ्ट धरून बाण दाबला की एकामागून एक सगळंच निळं होत जातं. माझ्या तोंडून ऐकलेल्या तीन निळ्या चित्रांवरून तिनं हे सगळं एका दमात जुळवलं. ती चित्रं मला दिसत होती, मी ती मोजलीसुद्धा होती, आणि माझ्या डोक्यात त्यातलं काही आलं नव्हतं. मला त्या क्षणी तिचा एवढा अभिमान वाटला की मघाचा राग कुठं गेला कळलंही नाही.

पण कोणती शिफ्ट? ताई नेहमी उजवीकडची वापरायची आणि ती धड होती. डावीकडची बोटाला वर आल्यासारखी लागत होती. ती दाबून बघत होती, सोडत होती, पुन्हा दाबत होती. "वर येती का नाय कळंना," ती म्हणाली. "आवाज ऐकायला पायजे. दाबताना एक वाजतं, सुटताना एक वाजतं. ह्या दळनात काय ऐकू येतंय!"

मधल्या पडद्यात आप्पा उभेच होते. त्यांनी हे ऐकलं आणि मागं वळले. आता गिरणीवाल्याच्या घरचं नसेल त्याला हे सांगितलं पाहिजे, की दगडात दाणे असताना गिरणी कुणी बंद करत नाही. दाणे अडकले की पट्टा घसरतो, पुन्हा सुरू करताना मोटर बसते. त्यात सकाळची वेळ, डब्यांची रांग, आणि दाणे ओतायच्या पेटीत जेलमधल्या एका शिपायाच्या बायकोचा गहू चाललेला. आप्पांनी वरून दाणे बंद केले, दगडातले निघून जाऊ दिले, आणि बटण खाली केलं. पट्टा गरगर फिरत हळू होत होत थांबला. भांडी थांबली. भिंत थांबली.

भर दिवसा आमच्या घरात एवढी शांतता मी पहिल्यांदा ऐकली. रस्त्यावरून जाणाऱ्या सायकलची घंटीसुद्धा घरात ऐकू आली. बाहेर त्या शिपायाची बायको विचारत होती, "काय झालं हो? काहून बंद केली?"

"लाईट गेली," आप्पा म्हणाले.

"अवो, तुमच्या डोक्यावर तर बल्ब जळतोय!"

"एक फेज गेलाय," आप्पा म्हणाले. "बल्ब जळंल, मोटर नाय चालायची." मेंढरांमागं वाढलेल्या माझ्या बापाला इतकं सफाईदार खोटं बोलता येतं हे मला त्या दिवशी कळलं.

आत ताई वाकून कीबोर्डाला कान लावून एकेक बटण दाबत होती. प्रत्येकाचे दोन आवाज, एक खाली जाताना, एक वर येताना. ती सगळ्या ओळींवरून गेली आणि शेवटी डावीकडच्या शिफ्टवर आली. दाबली. काहीच वाजलं नाही. ना जाताना, ना येताना. ते बटण आधीपासून खालीच बसलं होतं, बोटाला लागत होती ती नुसती वरची टोपी.

ताईनं केसातला आकडा काढला, त्या बटणाच्या कडेला घातला आणि उचललं. टप्पकन बटण निघून आलं. खाली राखाडी काहीतरी चिकटलेलं होतं, ओलसर, लवचिक. तिनं ते चिमटीत घेतलं, बोटांत मळलं, नाकाशी नेलं.

"ज्वारी," ती म्हणाली.

मला मग दिसलं. महिनोन् महिने त्या बटणांच्या फटीत पीठ साठत गेलेलं. कोरडं होतं तोवर त्यानं काही बिघडवलं नाही. आणि त्या दिवशी पहाटे, लेकीची परीक्षा म्हणून, सगळं स्वच्छ असावं म्हणून, आईनं टेबलासकट कीबोर्डही ओल्या फडक्यानं पुसून काढला होता. एरवी वरवर कोरडं फडकं फिरवायची; त्या दिवशी चांगला दाबून, कानाकोपऱ्यातून. बटणाखाली कणीक मळली गेली होती. 'कुणी हात लावला का' असं ताईनं विचारलं तेव्हा आई खोटं बोलली नव्हती. पुसणं म्हणजे हात लावणं, असं तिला कधी वाटलंच नसतं.

आई चुलीकडं होती, देवाला नारळ बोलत होती. मी तोंड उघडणार, तोच ताईनं माझं मनगट धरलं. अगदी हळू, आमच्या घरात कुणी कधी बोललं नसेल इतक्या हळू, म्हणाली, "आईला सांगू नको." मी कधी सांगितलं नाही. आई आता नाही, म्हणून हे लिहिते आहे.

तिनं आकड्यानं सगळं पीठ खरवडून काढलं, पदराच्या कोपऱ्यानं पुसलं, फुंकर घातली, बटण जागेवर बसवलं. दाबलं. टक. सोडलं. टक. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. गाण्यासारखा आवाज आला. ताईनं केस सोडले आणि पुन्हा बांधायला घेतले.  आणि मग त्या साहेबी मराठीत पाहुणा बोलायला लागला. पडद्यापलीकडून आप्पा ओरडले, "आला का पावणा!" आणि बाहेरच्या बायांना वाटलं खरंच कुणीतरी गावाकडून आलं.

वेळ बराच गेला होता. ताईनं हेडफोन घातला आणि टाइप करायला लागली. तिची बोटं चालताना मी खूपदा बघितलेली, पण त्या दिवशीसारखी नाही. आप्पांनी गिरणी सुरू केली नाही. एकेक गिऱ्हाईक फेजला शिव्या देत डबे ठेवून गेलं. आप्पा पोत्यावर बसून राहिले, रिकामे, हात गुडघ्यावर. मी त्यांना म्हणाले, आप्पा, तिला दळणाच्या आवाजात टाइप करायची सवय आहे, लावा गिरणी. ते म्हणाले, "आसू दे. मपलं दळन काय पळून चाललंय?"

मुलाखत पूर्ण झाली नाही. शेवटचा थोडा भाग राहिला आणि वेळ संपली. ताईनं जेवढं झालं होतं ते पहिल्यापासून पाहुण्याकडून वाचून घेतलं, दोन-चार चुका दुरुस्त केल्या, आणि खाली एक ओळ लिहिली: कीबोर्ड बिघडल्यामुळे सुरुवातीचा वेळ गेला, शेवटचा भाग राहिला आहे, जेवढे टाइप केले आहे ते तपासलेले आहे. मी म्हणाले, हे कशाला लिहितेस, त्यांना वाटेल बहाणे करते. ती म्हणाली, "ऱ्हायलंय त्याला ऱ्हायलंय म्हनावं," आणि पाठवून दिलं. मग उरलेले धपाटे तिनं सगळे खाल्ले.

पुण्याहून फोन आला तेव्हा आम्ही आशा सोडली होती. आप्पांचा फोन गिरणीत खिळ्याला प्लास्टिकच्या पिशवीत टांगलेला असायचा. ते तो हातात नाचवत आत आले, आणि सगळ्यांना ऐकू यावं म्हणून मी मोठ्यानं बोलायचं बटण दाबलं. मॅडमनी टायपिंगबद्दल एवढंच सांगितलं की चुका फार कमी आहेत. मग विचारलं, "कीबोर्ड बिघडला होता म्हणालात. दुरुस्त कुणी केला?"

"मीच केला, मॅडम," ताई म्हणाली.

"बोलका प्रोग्राम बंद असताना? कसा?"

ताईनं सांगितलं. बाण, निळी चित्रं, दोन बटणं, थांबवलेली गिरणी. "पडदा बघायला बहिणीचे डोळे घेतले," ती म्हणाली, "बाकी माझं."   मग मॅडम म्हणाल्या, "राहिलेला भाग राहू द्या. पुढच्या महिन्यापासून कामाला लागा." आप्पांनी डोक्यावरची टोपी काढून झटकली, पिठाचा ढग उडाला. आणि तेवढ्यात मॅडमनी हसत विचारलं, "पण त्या बटणात अडकलं तरी काय होतं?"

आई परातीत हात घालून समोरच उभी होती. मी ताईकडं बघितलं.

"पीठ, मॅडम," ताई म्हणाली. "गिरणीचं घर हाय ना आमचं. कुठंबी जातं."

फोन ठेवायची सुद्धा आईनं वाट बघितली नाही. "बगा! मी काय म्हनत व्हते? पीठ! रोज पुसायला पायजे, रोज! त्या दिवशी मी पहाटं पुसलं म्हनून तेवढ्यावर भागलं, नायतर काय झालं आसतं?" आणि तिनं आम्हा सगळ्यांकडं असं बघितलं की मला भिंतीकडं तोंड करून उभं राहावं लागलं. ताई मात्र हसली नाही. ती म्हणाली, "व्हय आई."

कामाच्या पहिल्या दिवशी सकाळी ताई आंघोळ करून, केस बांधून टेबलाशी आली. आई बादलीत फडकं पिळत होती. ते पाणी गळताना ताईनं ऐकलं आणि थांबली. आईनं तिचं सगळं केलेलं, जन्मापासून. तिचं ताट, तिची वेणी, तिच्या वाटेतले दगड. आजही ती फडकं घेऊन टेबलाकडं निघाली होती.

ताईनं हात पुढं केला. "आई, आन इकडं. आता नोकरी हाय माझी. माझं टेबल मी पुशीन."

आई तशीच उभी राहिली. त्या घरात आजवर कुणी तिच्या हातातलं फडकं मागितलं नव्हतं. मग तिनं ते ताईच्या हातात ठेवलं, आणि हात पदराला पुसत बाजूला झाली. ताईनं ते चाचपलं, दारापर्यंत गेली, दोरीवर पसरून वाळत घातलं, आणि येऊन कामाला बसली.